मामावर लागलेलं कलम

माझा मामा फ्रीज दुरुस्त करतो. "करायचा" म्हटलं तर त्याला राग येतो, म्हणून "करतो" असंच लिहिते. सदुसष्टावं वर्ष चालू आहे, गुडघे कुरकुरतात, पण बंद पडलेला फ्रीज दिसला की मामा त्याच्यामागे उकिडवा बसणारच. जाळीवरची धूळ हातानं पुसणार, कॉम्प्रेसरवर तळहात ठेवणार आणि डॉक्टरसारखं विचारणार, "कधीपासून त्रास होतोय?" हा प्रश्न घरातल्या बाईला असतो की फ्रीजला, ते अजून कुणाला कळलेलं नाही. गल्लीत सगळे त्याला थंडा मामा म्हणतात. नाव कामावरून पडलं, पण स्वभावालाही चपखल बसलंय. त्याला चिडलेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, आणि त्यातल्या एकदा समोर झुरळ होतं.

हा थंडा मामा चार वर्षं तुरुंगात होता, हे मला दहाव्या वर्षी कळलं. त्यानंच सांगितलं. माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, डोळे वटारले, तर म्हणाला, "ताई, माझ्याकडून कळू दे तिला. बाहेरचे लोक दोन खून वाढवून सांगतील."

पुढे मी न्यायालयाच्या नक्कल विभागात कारकून झाले. जुन्या खटल्यांचे कागद काढायचे, त्यांच्या प्रती करून शिक्का मारून द्यायच्या, हे आमचं काम. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मामाच्या खटल्याची फाइल शोधली आणि दोन दुपारी बसून वाचून काढली. मामानं सांगितलेलं आणि कागदावरचं, यात काडीचा फरक नव्हता. म्हणून पुढचं सगळं निर्धास्तपणे लिहितेय.

मामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. उस्तादांच्या कारखान्यात कामाला लागून त्याला पाच वर्षं झाली होती. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन लांब टेबलं, गॅसच्या टाक्या आणि भिंतीला टेकून उभे असलेले आजारी फ्रीज. उस्ताद तोंडानं फटकळ, पण हाताखालच्या माणसाला शिकवताना काही राखून ठेवायचे नाहीत. दुरुस्त झालेले फ्रीज घरोघरी पोचवायला एक टेम्पो होता, आणि तो चालवायचं काम मामाकडे होतं.

मामाचा जिवलग मित्र म्हणजे लंबू. शाळेत एका बाकावर बसायचे तेव्हापासूनची जोडी. लंबूची उंची अशी, की कुठल्याही दारातून आत येताना तो आधी मान वाकवायचा, मग हसायचा. त्याला घरात फक्त आई होती. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. मामाची स्वतःची आई लवकर गेलेली, त्यामुळे लहानपणी निम्मी जेवणं त्यानं तिच्याच हातची खाल्ली. मामा तिला मावशी म्हणायचा. लंबू दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं देखणं, की पाटी वाचायला लोक थांबायचे. पण छापील पाट्या आल्या, तो काम करायचा तो पाट्यांचा कारखाना बंद पडला, आणि लंबू घरी बसला. पहिला महिना मजेत गेला. चौथ्या महिन्यात त्याचं हसणं कमी झालं. मामाला ते दिसत होतं, पण काय बोलावं ते सुचत नव्हतं.

एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, मामा एक फ्रीज पोचवून परत येत होता. लंबूनं कोपऱ्यावर हात केला आणि टेम्पोत चढला. मांडीवर एक कापडी पिशवी.

"घड्याळाच्या दुकानामागच्या गल्लीत घे," लंबू म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू ठेव."

"इंजिन कशाला चालू?"

"उगाच. बॅटरी जाईल."

मामाची बॅटरी नवीकोरी होती, आणि ते लंबूला माहीत होतं. पिशवीतून काळ्या मुठीसारखं काहीतरी वर आलं होतं. लंबूनं ते हातानं आत दाबलं. मामानं ते पाहिलं. पाहिलं आणि मान वळवून रस्त्याकडे बघत राहिला.

"विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता," मामा मला म्हणाला होता. "माझ्याशी तो कधीच खोटं बोलायचा नाही. म्हणूनच मी विचारलं नाही."

गल्ली अरुंद होती. एका बाजूला दुकानांची मागची दारं, दुसऱ्या बाजूला गोदामाची लांब भिंत. मामानं टेम्पो उभा केला, तोंड मोठ्या रस्त्याकडे. लंबू वळसा घालून पुढच्या दारानं दुकानात गेला. पिशवीत खेळण्यातलं पिस्तूल होतं. लंबूनंच ते काळं रंगवलं होतं, आणि त्याचा हात तो, त्यामुळे ते खऱ्यापेक्षा खरं दिसत होतं. दुकानदारानं पिस्तूल पाहून हात वर केले, पण पायाखालची घंटा दाबली. नेमकी पोलिसांची गाडी दोन दुकानं पलीकडे उभी होती. गाडीतला शिपाई, वय सव्वीस, धावत पुढच्या दारातून आत आला. त्याला पाहिल्याबरोबर लंबूची पाचावर धारण बसली. पिस्तूल हातातून सुटलं, काउंटरपाशी पडलं, आणि तो मागच्या दारानं गल्लीत पळाला.

मामानं पुढचं सगळं टेम्पोच्या आरशात पाहिलं. दार उघडलं. लंबू मान वाकवून बाहेर आला आणि टेम्पोकडे धावला, दोन्ही हात हवेत, बोटं पसरलेली. त्याच्यामागे शिपाई दारात आला. "थांब" असा आवाज आणि गोळीचा आवाज जवळजवळ एकत्रच आला. लंबू टेम्पोपासून अकरा पावलांवर पडला.

इंजिन चालू होतं आणि समोर मोठा रस्ता मोकळा होता. मामानं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. शिपायानं पिस्तूल त्याच्यावर रोखलं. मामाला तेव्हा ते दिसलंही नाही. तो सरळ लंबूकडे गेला आणि गुडघ्यावर बसला. शिपाई ओरडला, "हात वर कर!" मामा म्हणाला, "हात वर केले तर रक्त कोण दाबणार?"

यावर शिपाई गोळी झाडू शकला असता. त्यानं पिस्तूल खाली घेतलं, डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि लंबूच्या जखमेवर धरली. रुग्णवाहिका यायला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं दोघंही टोपीवर हात दाबून बसले होते. लंबू काही बोलला नाही. गाडी आली तेव्हा सगळं संपलं होतं. मग शिपायानं मामाच्या हातात बेडी घातली. मामा सांगतो, बेडीचं कुलूप त्याला लागेचना, शेवटी मामानंच दुसऱ्या हातानं ते दाबून बंद केलं.

मामाला वाटलं, आता चोरीच्या मदतीचा गुन्हा लागेल. तो लागलाच. पण आठव्या दिवशी आणखी एक कलम लागलं. खुनाचं. कुणाच्या? तर लंबूच्या.

मामाला वकील करणं शक्य नव्हतं, म्हणून न्यायालयानं एक वकीलबाई नेमून दिल्या. त्यांचा हा तिसरा खटला. मामापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, सतत सर्दी, आणि कागद सापडला नाही की तळहातावर लिहायची सवय. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत त्यांनी त्याला कलम समजावून सांगितलं.

"जबरी चोरी करताना कुणाचा जीव गेला, तर त्या चोरीतले सगळे साथीदार त्या मृत्यूला जबाबदार. गोळी कुणीही झाडलेली असो."

"पोलिसानं झाडली तरी?"

"सरकारचं म्हणणं तेच आहे. तुम्ही दोघांनी चोरी केली नसती, तर पोलिस आला नसता, गोळी सुटली नसती."

"म्हणजे लंबूला मी मारलं?"

"कायद्याच्या भाषेत."

मामा म्हणाला, "बाई, मग कायद्याला आमची भाषा येत नाही."

वकीलबाईंनी ते वाक्य तळहातावर लिहून घेतलं. शिपायाच्या साहेबांनी केलेला अहवालही त्यांनी दाखवला. त्यात लिहिलं होतं की आरोपीनं वळून पोलिसावर शस्त्र रोखलं, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली. मामा ओरडलाच, "खोटं आहे! त्याचे हात रिकामे होते. मी आरशात पाहिलंय."

"तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?" बाई म्हणाल्या. हे ऐकायला कडू होतं, पण खरं होतं.

त्याच आठवड्यात लंबूची आई भेटायला आली. आरोळ्या ठोकील, शाप देईल, थुंकेल, सगळ्याची तयारी त्यानं मनाशी केली होती. मावशी जाळीपलीकडे बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सरकारी वकील माझ्याकडे आले होते. म्हणाले, तुमच्या साध्या मुलाला ह्या पोरानं नादी लावलं, तसं कोर्टात सांगा."

मामा खाली मान घालून बसला.

"तू नेलंस त्याला?"

"हो मावशी."

"तुला माहीत होतं?"

"सगळं नाही. पण विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून विचारलं नाही."

मावशी खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मामा म्हणतो, त्या नजरेपुढे पुढची चार वर्षं सोपी होती. मग ती म्हणाली, "हे कोर्टात असंच सांग. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. आणि त्यांनी तुला खुनी म्हटलं तर मी बघते."

"मावशी, माझ्यावर राग..."

"आहे. खूप आहे. तो माझा माझ्यापाशी राहू दे. सरकारला मी तो वापरायला देणार नाही."

जाताना तिनं पहारेकऱ्याजवळ एक पुडकं दिलं. त्यात सुनावणीसाठी एक पांढरा शर्ट होता, कडक इस्त्री केलेला. शर्ट लंबूचा होता. बाह्या मामाच्या बोटांच्याही खाली यायच्या, म्हणून तिनं त्या आतून दुमडून टाके घातले होते. पुढच्या प्रत्येक तारखेला मामा तोच शर्ट घालून उभा राहिला, आणि दर तारखेनंतर मावशी तो घरी नेऊन धुऊन, इस्त्री करून परत आणायची.

इकडे वकीलबाई रुमाल नाकाला लावून, मोजपट्टी घेऊन गल्लीत गेल्या. दारापासून लंबू पडला तिथपर्यंत मोजलं, टेम्पोपर्यंत मोजलं. दुकानदाराकडे तीनदा गेल्या. तो पहिल्या दोन वेळा बोलला नाही. तिसऱ्या वेळी म्हणाला, "खेळण्यातलं पिस्तूल माझ्या काउंटरपाशीच पडलं होतं. पण ते कधी पडलं, ते मी सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते." झालं, म्हणजे सांगू शकणारा एकच माणूस उरला. ज्यानं गोळी झाडली तो.

त्याची साक्ष नवव्या तारखेला झाली. माझ्याकडच्या फाइलमध्ये तिची सहा पानं आहेत. पहिल्या चार पानांत तो सरकारी वकिलांना पाठ केल्यासारखी उत्तरं देतो. पाचव्या पानावर वकीलबाई उभ्या राहतात.

"तुम्ही मागच्या दारात आलात तेव्हा पळणारा माणूस तुम्हाला दिसत होता?"

"हो."

"त्याचे हात दिसत होते?"

"हो."

"हातात काय होतं?"

इथं टंकलेखकानं कंसात लिहिलंय: साक्षीदार गप्प. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती फेटाळली. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात.

"काही नव्हतं," शिपाई म्हणाला.

"पिस्तूल कुठं होतं?"

"दुकानात. जमिनीवर. मी ते ओलांडूनच बाहेर आलो होतो."

आई सांगते, ती तेव्हा मागच्या बाकावर बसली होती. पुढच्या बाकावर बसलेले शिपायाचे साहेब ताडकन उठून बाहेर गेले. शिपाई मात्र कठड्याला धरून उभा राहिला, आणि बाईंनी न विचारताच एक वाक्य बोलला. तेही फाइलमध्ये आहे. "टेम्पोतला माणूस पळाला नाही. त्यानं इंजिन बंद केलं. हे माझ्या जबाबात लिहून घेतलेलं नाही, पण तसं झालं."

त्यानंतर मावशीची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी तिला मुद्दाम मोठ्या मायेनं विचारलं, "तुमच्या मुलाच्या मृत्यूला कोण जबाबदार आहे, असं तुम्हाला वाटतं?"

मावशी म्हणाली, "माझा मुलगा चोरी करायला गेला, ती चूक त्याची. ह्यानं त्याला पोचवलं, ती चूक ह्याची. त्याची शिक्षा ह्याला द्या, मी अडवत नाही. पण गोळी ह्यानं झाडली नाही. जे ज्यानं केलं ते त्याच्या नावावर लिहा, साहेब. मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करते. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेला, तर लोक मला जाब विचारतात."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. जबरी चोरीला मदत केल्याबद्दल पाच वर्षं. खुनाच्या आरोपातून मुक्त. न्यायाधीशांनी लिहिलं की रिकाम्या हातानं पळणाऱ्या माणसावर झाडलेली गोळी हा त्या चोरीचा अटळ परिणाम नव्हता. तो दुसऱ्या एका माणसाचा वेगळा निर्णय होता, आणि त्याचं ओझं आरोपीच्या खांद्यावर टाकता येणार नाही. खुनाचं कलम टिकलं असतं तर मामा म्हातारा होऊन बाहेर आला असता, किंवा आलाच नसता. माझ्या आईचा जीव भांड्यात पडला. वकीलबाई मात्र अजून लढायला तयार होत्या. "वरच्या कोर्टात जाऊ, पाचाची तीन करू."

"नको बाई," मामा म्हणाला. "ही शिक्षा माझीच आहे. दुसरी माझी नव्हती, ती तुम्ही काढून टाकलीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

"एक फ्रीज दुरुस्त करून दे," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

त्यांचा फ्रीज मामानं पुढे तीस वर्षं चालवला. तो फ्रीज कधीच भंगारात जायला हवा होता, असं मामी म्हणते.

चांगल्या वर्तनामुळे मामा चार वर्षांनी सुटला. दारावर मावशी उभी होती. दर महिन्याला दोन बस बदलून ती त्याला भेटायला यायची. चार वर्षांत फक्त एकदा चुकली, तिला ताप होता तेव्हा. तिथून मामा सरळ उस्तादांकडे गेला. पाय आत टाकायला धजत नव्हता. उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "उशीर झाला तुला. तिकडचा निळा फ्रीज गॅस धरत नाहीये, बघ जरा." मामा फ्रीजमागे जाऊन बसला आणि तिथंच, जाळीला डोकं टेकून, ढसाढसा रडला. उस्ताद मुद्दाम मोठ्यानं हातोडा आपटत राहिले, म्हणजे इतरांना ऐकू जाऊ नये.

दरम्यान त्या शिपायाचं काय झालं, ते वकीलबाईंकडून कळलं. साक्षीनंतर त्याला निलंबित केलं. मग त्याच्यावरच खटला चालला. त्यानं गुन्हा कबूल केला, दोन वर्षं आत राहिला, नोकरी कायमची गेली. अहवाल लिहिणारे साहेब बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले. मामाला हे कळल्यावर त्यानं शिपायाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. सुटल्यावर तिसऱ्या वर्षी तो पत्ता काढून स्वतःच गेला.

बाजाराजवळ एक सायकल स्टँड होता. पत्र्याच्या शेडखाली सायकलींच्या रांगा, आणि स्टुलावर बसून बिल्ले वाटणारा एक माणूस.

"बिल्ला कुठाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सायकल नाही. मी टेम्पोतला."

माणसाच्या हातातले बिल्ले खाली पडले. मामानं ते उचलून दिले.

"मी आभार मानायला आलोय," मामा म्हणाला.

"माझे?" तो जवळजवळ ओरडलाच. "डोकं फिरलंय का तुझं? मी त्याला मारलं."

"ते मला माहीत आहे. आरशात पाहिलंय मी. त्याचे आभार नाही मानत. तुम्ही खरं बोललात, त्याचे मानतो. तुम्ही पाठ केलेलं म्हटलं असतंत, तर मी आज इथं नसतो. आणि गल्लीत माझ्यावर दुसरी गोळी झाडली नाहीत, त्याचेही."

त्यानं एका सायकलचं चाक सरळ केलं. "पाठ केलं होतं मी," मग म्हणाला. "सगळं नीट पाठ होतं. पण बाईंनी हातात काय होतं विचारलं, आणि मला त्याचे हातच दिसले. पसरलेली बोटं. मग दुसरं काही आठवेचना." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्याची आई?"

"आहे. इस्त्री करते."

"मला भेटलास ते तिला सांगू नकोस."

"सांगणार. तिच्यापासून मी काही लपवत नाही."

संध्याकाळी मामानं मावशीला सांगितलं. ती एका कोटाची कॉलर दाबत होती. थांबली नाही. म्हणाली, "खरं बोलला, चांगलं केलं. तुला तुझं आयुष्य मिळालं, त्यासाठी मी त्याला दुवा देते. पण मला त्याचं तोंड बघायचं नाही. मरेपर्यंत नाही. तू जा हवं तर." आणि तिनं ते पाळलं. मामा दर दोन-चार महिन्यांनी स्टँडवर जायचा, चहा प्यायचा, यायचा. मावशी विचारायची नाही, पण हा लपवायचाही नाही. मामाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मामीला तिच्या आईवडिलांसमोर सगळं सांगितलं, आणि मामीनं पहिला प्रश्न विचारला, "त्या मावशी आपल्याजवळ राहतील का?" राहिल्या. शेवटची चौदा वर्षं त्यांची खोली मामाच्या खोलीशेजारी होती. मामाचे शर्ट इतके कडक असायचे, की आई म्हणायची, हा बसला की कागद फाटल्याचा आवाज येतो. मावशी एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुपारचं जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

गेल्या वर्षी तो सायकल स्टँडवाला माणूसही गेला. दोन महिन्यांनी मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात पस्तिशीची एक बाई आली. मी तेव्हा तिथंच होते. तिनं दारातूनच विचारलं, "थंडा मामा म्हणजे तुम्हीच का? बाबांच्या वहीत तुमचा पत्ता होता. मी त्यांची मुलगी."

मामा उठून उभा राहिला. गुडघ्यांचं त्यानं नावही काढलं नाही.

तिला लहानपणापासून एवढंच माहीत होतं, की बाबा पोलिसात होते, त्यांनी एका माणसाला गोळी घातली आणि त्यासाठी तुरुंगात गेले. शाळेत मुली त्यावरून बोलायच्या. बाबा त्या विषयावर एक अक्षर बोलायचे नाहीत. "तुम्ही मधूनमधून यायचात, हे आईनं सांगितलं," ती म्हणाली. "बाबांनी ज्याला मारलं, त्याचा मित्र बाबांकडे का येत होता, हे मला कळत नाही."

मामानं माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या ऑफिसात ती फाइल आहे ना? हिला अर्ज कसा करायचा ते सांग."

तिनं रीतसर अर्ज केला आणि तिसऱ्या दिवशी मी साक्षीच्या सहा पानांची शिक्का मारलेली प्रत घेऊन दुकानात गेले. ती आधीच येऊन बसली होती. मामानं टेबलावरचे पाने-पक्कड बाजूला सारले, चष्मा पुसून तिला दिला, मग लक्षात आलं की तिला चष्मा लागत नाही, म्हणून परत घेतला. तिनं पाचवं पान मोठ्यानं वाचलं. "काही नव्हतं." तिथं थांबली. मग "मी ते ओलांडूनच बाहेर आलो होतो." मग टेम्पोतल्या माणसाबद्दलचं वाक्य.

"हे बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं?"

"त्यांचे साहेब समोर बसलेले असताना," मामा म्हणाला. "आणि कागदावर नाही असंही एक आहे. त्यांनी आपली टोपी काढून जखमेवर धरली होती. मी शेजारी होतो."

तिनं कागद मांडीवर ठेवले. डोळे पुसले. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मी इतक्या वर्षांत विचारायला धजले नव्हते. "तुम्हाला बाबांचा राग नाही यायचा?"

"यायचा की," मामा म्हणाला. "अजून येतो. लंबूची आठवण आली की येतो, आणि ती रोज येते. पण मी रोज घरीही येतो, बाळ. बायको, मुलं, ही भाची, ही सगळी धांदल. ते कुणामुळे, तेही विसरता येत नाही. दोन्ही असतं."

ती हळूच म्हणाली, "लंबू. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. कसे होते ते?"

मामाचा चेहरा असा खुलला, की मी बघतच राहिले. त्यानं चहा मागवला आणि सुरुवात केली. शाळेत लंबूनं फळ्यावर मास्तरांचं चित्र असं हुबेहूब काढलं होतं, की मास्तरांनीच ते आठवडाभर पुसू दिलं नाही. एका दवाखान्याची पाटी रंगवताना त्यानं "डॉक्टर आत आहेत"च्या खाली बारीक अक्षरात "बहुतेक" असं लिहिलं होतं. बसमध्ये कंडक्टरनं अर्धं तिकीट द्यायला नकार दिला, कारण लहान दिसावं म्हणून गुडघ्यांवर बसलेला लंबूसुद्धा उभ्या मामाच्या खांद्याला लागत होता. ती मुलगी आधी ओठ दाबून ऐकत होती, मग खुदकन हसली, मग आम्ही तिघंही हसायला लागलो. मधे एक गिऱ्हाईक फ्रीजची तक्रार घेऊन आलं. मामानं त्याला हातानंच थांबायला सांगितलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं हं, एक गोष्ट अर्धी राहिलीय."